पट्टी, पडदा आणि पाच नोव्हेंबर

नाट्यसंस्थेचा इतिहास लिहायचा म्हटले, की लोक नटांची नावे सांगायला लागतात. मला आधी वही आठवते. लाल कापडी पुठ्ठ्याची, उभी, दोऱ्याने बांधलेली. पहिल्या पानावर ‘श्री’, खाली ‘जमा’ आणि ‘खर्च’. आमच्या भागात नाटक उभे राहायचे ते त्या वहीपासून, तालीम मागाहून. कोणत्या उंबऱ्याने किती पट्टी दिली, गॅसबत्त्यांची मेंटल किती फुटली, पडद्यांचे भाडे किती ठरले, कामाला आणलेल्या बाईंना किती बोललो आणि निघताना हातावर किती टेकवले, सगळे तिच्यात. तीसेक वर्षे मी हौशी नाटकांत प्रॉम्प्टर होतो आणि दुसरे कोणी तयार होत नसे म्हणून खजिनदारही. दोन्ही कामे विंगेतली. तेव्हा सांगलीच्या अखिल महाराष्ट्र नाट्य विद्यामंदिर समितीची आणि तिच्यापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, कवठे महांकाळच्या बाजूला, यात्रेजत्रेत वाढलेल्या हौशी नाटकाची ही हकीकत लिहिताना माझी मान वहीकडे वळत राहिली तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

मराठी नाटक जन्मले ते एका संस्थानिकाच्या हौसेतून, आणि वाढले ते त्याच्या मागे राहिलेल्या कर्जातून. 1842 साली कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीला आली. यक्षगानाच्या वळणाचे त्यांचे खेळ अधिपती चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धनांनी पाहिले. असे काहीतरी आपल्या भाषेत, पण अधिक नेटके व्हावे, असे त्यांच्या मनाने घेतले आणि पदरच्या विष्णु अमृत ऊर्फ विष्णुदास भावे या तरुणाला त्यांनी कामाला लावले. विष्णुपंत पंचविशीच्या आगेमागे. कविता करायचे, गोष्टी रंगवून सांगायचे, लाकडाच्या बाहुल्या घडवायचे. त्यांच्या त्या बाहुल्या पुढे रामदास पाध्ये यांनी डागडुजी करून पुन्हा हलत्याबोलत्या केल्या. 5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगलीच्या राजवाड्यात ‘सीता स्वयंवर’ झाले, आणि आज सबंध महाराष्ट्र तो दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो.

त्या खेळाची रीत प्रॉम्प्टरने हेवा करावा अशी होती. सूत्रधार सुरुवातीला आला की शेवटपर्यंत रंगभूमीवरच. विदूषक येऊन त्याची फिरकी घेणार, मग गजानन, मग सरस्वती, आणि मग आख्यान. पदे विष्णुदासांची, ती सूत्रधाराने म्हणायची. पात्रांनी पदाचा आशय धरून आपापल्या बुद्धीने बोलायचे. राक्षस ‘अलल् डुर्र’ करीत तलवारी परजत यायचे. संवाद कागदावर नाहीत, त्यामुळे विसरण्याची सोय नाही. पात्र अडले तर पुढचे पद सुरू. म्हणजे पहिला प्रॉम्प्टर उघड्यावर, सर्वांच्या देखत उभा होता आणि लोक त्याला मान देत होते. आम्हाला पुढे विंगेच्या फटीत कोंबले गेले ते लिहिलेले नाटक आल्यानंतर.

1851 साली आप्पासाहेब वारले आणि वही उघडी पडली. मंडळी पोसायची होती. कपडे, दागिने, सामान यांचे देणे डोक्यावर होते आणि दरबारचा हात आखडला होता. विष्णुदासांनी मंडळी घेऊन मुलूखगिरी धरली. 1853 साली मुंबईत, ग्रँट रोडच्या नाटकगृहात, तिकीट लावून मराठी खेळ झाले. नाट्येतिहासाच्या पुस्तकांत हे रंगभूमीच्या वाढीचे मोठे पाऊल म्हणून येते. असेलही. पण मला त्यात कर्ज फेडायला निघालेला माणूस दिसतो. पदरचा नोकर म्हणून सुरू केलेले काम त्याच्या एकट्याच्या नावावर पडले होते. पुढे पुष्कळ मंडळ्या त्याच वाटेने निघाल्या. विष्णुदासांनी पन्नासहून अधिक आख्याने रचली, 1885 साली आपली पदे ‘नाट्यकवितासंग्रह’ या नावाने छापली आणि 1901 साली ते गेले. सांगलीने त्यांच्या नावाची इमारत बांधली ती फार नंतर.

मधल्या काळात या मुलखाने रंगभूमीला काय दिले, त्याची यादी स्मरणिकांतून इतक्या वेळा आली आहे की ती पुन्हा गिरवण्यात अर्थ नाही. हरिपूरचे देवल, सांगलीचे खाडिलकर, नागठाण्याचे बालगंधर्व, एवढे म्हटले तरी पुरे. देवलांच्या ‘शारदे’बद्दल एक गंमत तेवढी सांगतो. आमच्याकडच्या जुन्या माणसांना ‘शारदा कायदा’ हा देवलांच्या नाटकामुळे झाला असे पक्के ठाऊक होते. कायदा 1929 चा, आणि त्याचे नाव आले हरविलास सारडा यांच्यावरून. नाटक 1899 चे. मी एकदा हे समजावून सांगायला गेलो तर एक आजोबा म्हणाले, “मास्तर, नाव कुणाचंबी असू द्या, थेरड्याचं लगीन मोडलं का न्हाई?” नाटकाचा परिणाम मोजायची यापेक्षा चांगली पट्टी मला अजून सापडलेली नाही.

बालगंधर्वांची गोष्ट मात्र आमच्या रस्त्यावरची आहे. 1905 साली कोवळ्या नारायण राजहंसाला कानाच्या उपचारासाठी शाहू महाराजांनी मिरजेला धाडले. किर्लोस्कर मंडळीचा मुक्काम तेव्हा मिरजेतच होता. कान दाखवायला आलेला मुलगा गाणे ऐकवून गेला आणि त्याच वर्षी मिरजेच्या रंगमंचावर शकुंतला म्हणून उभा राहिला. 1927 पासून बार्शी लाइटची चिमुकली गाडी पंढरपूरहून कवठे महांकाळ करीत मिरजेपर्यंत येऊ लागली आणि आमच्या लोकांना मिरज हाताशी आली. बाजार, दवाखाना आणि नाटक, अशी तीन कामे एका खेपेत उरकायची. आमचे आजोबा दवाखान्याच्या नावावर घरातून पैसे घेत आणि नाटक पाहून पहाटेपर्यंत फलाटावर पडून राहत. ‘औषध लागू पडलं का?’ असे घरी विचारले की पद गुणगुणत. गाडी इतकी हळू चाले की मिरजेला ऐकलेले पद कवठ्यापर्यंत पाठ होई, असे ते सांगत. ती अडीच फुटी रुळांची गाडी गेली, ब्रॉडगेज आली. आता मिरज तासाभरात येते. पद कधी पाठ करायचे?

इथे एक गोष्ट मला आग्रहाने नोंदवायची आहे. आमच्या तालुक्यातले नाटक केवळ राजवाड्यातून खाली झिरपत आले, हे अर्धेच खरे. आरेवाडीचे बिरोबाचे बन आमच्याच तालुक्यात. चैत्रात तिथे धनगर समाज लोटतो. ढोल-कैताळाच्या घाईवर गजीचे रिंगण फिरते आणि रात्ररात्र ओव्या चालतात. ‘सुंबरान मांडलं’ म्हणून एकजण कथा उचलतो, दुसरा ती झेलतो, गाता गाता मधेच गद्यात उतरतो आणि देवाची लग्ने, भांडणे, रुसवे एकटाच सगळ्यांच्या आवाजात उभे करतो. हायडेलबर्गचे अभ्यासक गुंथर सोंथायमर या ओव्यांच्या मागे वर्षानुवर्षे हिंडले, त्यांवर त्यांनी ग्रंथ लिहिले. 1843 च्या सूत्रधाराने जे केले त्याहून हे निराळे काय आहे? फक्त इथे पटवर्धन सरकार नव्हते आणि तारीख लिहून ठेवणारा कारकून नव्हता.

तीच गोष्ट तमाशाची. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी गाव आणि जात मागे टाकून पठ्ठे बापूराव झाले. सांगलीजवळच्या कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे ‘जहरी प्याला’ या वगातल्या हवालदारांच्या जोडीमुळे काळू-बाळू म्हणूनच ओळखले गेले. त्यांच्या तंबूबाहेर माझ्या डोळ्यांदेखत बैलगाड्यांची रांग लागलेली आहे. आमच्या नाटकातले विनोदी पात्र कितीही सभ्य घराण्यातले असो, काळू-बाळूंची एखादी लकब त्याच्या अंगात शिरल्याशिवाय राहत नसे. नाटकाला ‘संगीत’ आणि तमाशाला ‘खेळ’ म्हणायचे आणि दोघांना दोन कपाटांत ठेवायचे, ही शहाण्यांची वाटणी. यात्रेत पहिल्या रात्री तमाशा आणि दुसऱ्या रात्री पोरांचे नाटक पाहणाऱ्या बाईने ती कधी मानली नाही.

बोलपट आले आणि सांगली-मिरजेच्या रंगभूमीचे दिवस फिरले. मास्टर दीनानाथ मंगेशकर तेव्हा सांगलीत होते. 1918 साली निघालेल्या त्यांच्या बलवंत संगीत मंडळीने 1931 साली सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ रंगभूमीवर आणले होते. आणि काही वर्षांत याच मंडळीला नाटक गुंडाळून सांगलीत सिनेमा काढण्याचे साहस करावे लागले. ते अंगाशी आले. 1942 साली दीनानाथ पुण्यात वारले. पुन्हा तीच वही, तेच ‘नावे’ बाजूचे पान.

आणि तरी पुढच्याच वर्षी सांगलीने नाट्यशताब्दी केली. 1943 हे साल नीट आठवून पाहा. महायुद्ध चालू, रॉकेल, कागद, कापड, कशाचाच भरवसा नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार रात्रीचे न्यायनिवाडे करत होते आणि शाहीर शंकरराव निकमांचे पोवाडे गावोगाव पोचत होते. खुद्द सांगलीत 24 जुलैला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार तुरुंग फोडून बाहेर पडले. गोळीबार झाला, कृष्णाकाठी रक्त सांडले. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, त्याच गावात, नोव्हेंबरच्या पाच तारखेला सावरकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी रंगभूमीचा शतसांवत्सरिक उत्सव भरला. भाषणे काय झाली ते छापलेले आहे. मला कुतूहल आहे ते मांडवाचे कापड, दिव्यांचे तेल आणि पाहुण्यांच्या जेवणाचे धान्य टंचाईच्या दिवसांत जमवणाऱ्या माणसांचे. नाट्य विद्यामंदिर समिती उभी राहिली ती अशा माणसांच्या बळावर.

1948 साली सांगली संस्थान विलीन झाले. ज्या दरबाराने पहिले नाटक करवले तो आता मदत करायलाही नव्हता आणि नाकारायलाही नव्हता. एका अर्थी संस्था इथे वयात आली. कलावंतांची मंडळी आपल्या मालकाबरोबर, फार तर त्याच्या मुलाबरोबर संपते. समितीला मालक नसतो. सभासद असतात, सभा असते, इतिवृत्त असते, कोणीतरी रुसलेले असते. हा कारभार कंटाळवाणा खरा, पण किर्लोस्कर, गंधर्व, बलवंत अशा थोर मंडळ्या ज्या वळणावर थांबल्या ते वळण या कंटाळवाण्या कारभाराने पार केले. विष्णुदास भावे नाट्यमंदिर उभे राहिले. 1960 च्या आसपास विष्णुदास भावे गौरव पदक सुरू झाले. बालगंधर्वांपासून मानकऱ्यांची ओळ लागते, आणि तिच्यात सतीश आळेकर (2022), प्रशांत दामले (2023) ही अलीकडची नावे आहेत. पाच नोव्हेंबरला मुंबई-पुण्याचा मोठा नट सांगलीत येतो, नटराजाला फूल वाहतो आणि पदक घेतो. पदकाच्या समारंभाला मी मागच्या रांगेत बसत आलो आहे. मोठा नट त्या दिवशी जरा लहान होऊन बोलतो, हे पाहण्यासारखे असते.

पण आमच्या तालुक्यापुरते म्हणाल तर पदकापेक्षा उपयोगी पडली ती इमारत. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या हौशी राज्य नाट्य स्पर्धेचे सांगली केंद्र भावे नाट्यमंदिरात भरते. साठहून जास्त वर्षांची ही स्पर्धा. तिथे आम्ही पहिल्यांदा पाहिले की पडदा सरळ रेषेत उघडता येतो, दिवा मंद करता येतो आणि प्रॉम्प्टरचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत गेला तर परीक्षक कपाळाला आठ्या घालतात. आमच्या यात्रेत माझा आवाज सातव्या रांगेपर्यंत जात असे आणि ती रांग त्याबद्दल मला दाद देत असे. स्पर्धेतून परत येताना एस.टी.त आमचा दिग्दर्शक कोणाशी बोलला नाही. उतरताना एवढेच म्हणाला, “पुढच्या वर्षी सगळ्यांनी पाठ करायचं.” पुढच्या वर्षी निम्म्यांनी केले. ही प्रगती मी वहीत लिहिली नाही, पण लिहायला हवी होती.

यात्रेच्या नाटकाकडे आता मी मोकळेपणाने येतो, कारण माझे सारे आयुष्य तिथे गेले.

सुगी झाली, ज्वारीची कणसे खळ्यावर आली, की पंचमंडळी देवळात बसायची. कुस्त्यांचा फड ठरायचा, तमाशा ठरायचा, आणि मग कोपऱ्यातून कोणीतरी म्हणायचे, “पोरं नाटक म्हणत्यात.” पोरे त्याआधीच महिनाभर तालीम करत असत, हे सर्वांना माहीत असे. आमच्याकडे ‘तालीम’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो, आणि दोन्ही एकाच जागी. संध्याकाळी लाल मातीत जोर-बैठका, रात्री त्याच खोलीत कंदील लावून संवाद. त्यामुळे आमच्या नाटकातल्या मावळ्यांना दंड दाखवायची खोड असे आणि आमच्या पैलवानांना डावापूर्वी दोन वाक्ये टाकायची.

नाटक ऐतिहासिक असले तर पट्टी लवकर जमे. औंधकरांचे ‘बेबंदशाही’ सदाबहार. पुढे कानेटकरांची ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ आणि ‘इथे ओशाळला मृत्यू’ आली. रहिमतपूरचा लेखक म्हणून जवळिकीचा आणखी एक धागा. सामाजिक हवे असेल तर गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’, आणि त्यातला सुधाकर ज्याने वठवायचा त्याची तयारी गावाच्या मते पूर्वीपासूनच झालेली असे.

रंगमंच म्हणजे बैलगाड्यांच्या साट्या जोडून वर फळ्या. पुढे ट्रॅक्टर आले तेव्हा दोन ट्रॉल्या. मागे शाळेच्या व्हरांड्यात रंगपट. पडदे, झालरी, राजाचे कपडे, दाढ्यामिशा, तलवारी हे सगळे सांगली-मिरजेच्या ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने. महाल, रस्ता आणि जंगल असे तीन पडदे मिळत. जंगलाच्या पडद्यावर उजवीकडे एक धबधबा होता, तो आमच्या अवर्षणी तालुक्यात गुंडाळी सुटून खाली आला की पुढच्या रांगेतून हमखास आवाज येई, “ह्यो म्हैसाळचा का?” म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी शिवारात येण्याच्या फार आधीची गोष्ट. लोक हसत, आणि मग क्षणभर गप्प होत.

बायकांच्या भूमिका आधी पोरेच करत. मिशी उतरवलेला पैलवान येसूबाई म्हणून आला की आवाज घोगरा, मनगट पसरट. तरी लोक मानून घेत. नंतर सांगली, मिरज, कोल्हापूरहून बाई आणायची पद्धत पडली. या बायांबद्दल आमच्या स्मरणिकांत एक ओळ नसते, म्हणून मी इथे चार लिहितो. त्या संध्याकाळच्या एस.टी.ने येत. हातात एक पिशवी, कधी कडेवर मूल. पाटलाच्या किंवा मास्तरच्या घरी चहा घेत आणि विचारत, “नाटक कोणतं? कापलेलं कुठं कुठं?” सगळी नाटके त्यांना मुखोद्गत. महिनाभर तालीम केलेल्या आमच्या वीरांना त्या एका तासात जागच्या जागी उभे करत, कोणी संवाद विसरला तर त्याचे वाक्य स्वतःच्या वाक्यात घालून पुढे नेत, आणि पहाटेच्या गाडीने दुसऱ्या गावाला जात. मला माझे काम ज्यांनी शिकवले त्या या बाया. एकदा ठरलेली बिदागी पूर्ण जमली नाही. मी वही दाखवून सांगू लागलो, तर बाई म्हणाल्या, “वही मिटवा मास्तर, मला एस.टी.चं भाडं तेवढं द्या. उरलेलं पुढच्या सालाला.” पुढच्या साली आमच्या गावात दुष्काळ होता, नाटक झाले नाही.

आणि बक्षिसे! शहरातल्या प्रेक्षकाला हा प्रकार कळणार नाही. प्रवेश ऐन रंगात आलेला असतो. संभाजीराजे साखळदंडात, औरंगजेब डोळे रोखून उभा, आणि विंगेतून चिठ्ठी येते. मग कोणीतरी माइक हातात घेऊन सांगायचे, की अमुक आळीच्या अमुक मंडळींकडून संभाजीच्या भूमिकेबद्दल पाच रुपये बक्षीस, मंडळ आभारी आहे. एकदा घोषणा करणारा चहाला गेला होता. खाली गलका सुरू झाला, “बक्षीस सांगा की वं!” शेवटी आमच्या औरंगजेबानेच चिठ्ठी घेतली आणि बादशाही आवाजात ती वाचून दाखवली. मग त्यात आपल्याही नावाचे दोन रुपये आहेत असे पाहून त्याने लवून मुजरा केला. संभाजीराजांना हसू आवरेना. नाट्यशास्त्राच्या दृष्टीने हा घोर अपराध. वहीच्या दृष्टीने मात्र रात्रीच्या बक्षिसांतून कधीकधी पडद्यांचे भाडे सुटत असे. आणि मला तर वाटते, पात्रांनी मधेच नाटकाबाहेर येऊन लोकांशी बोलायचे आणि पुन्हा आत जायचे, ही सूत्रधार-विदूषकाची जुनीच वाट होती. आम्ही ती न कळता तुडवत होतो.

नाटक उजाडेपर्यंत चाले. ते का थांबले, याची उत्तरे लोक दूरदर्शन आणि मोबाइल अशी देतात. ती खोटी नाहीत, पण खजिनदाराला अजून दोन दिसतात. पहिले म्हणजे 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत. यात्रेत पालखी फिरून लोक जेवून यायलाच दहा वाजतात. नियम योग्य असेल, पण पाच अंकी ऐतिहासिक नाटक त्यात बसत नाही. दुसरे कारण द्राक्षे. पाणी आले, बागा आल्या, बेदाण्याची शेड आली, हातात पैसा आला. पूर्वी सुगीनंतर माणूस मोकळा असे. आता फेब्रुवारी-मार्चमध्ये माल काढणे आणि बेदाणा, एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी. पाच नोव्हेंबरच्या सुमारास तर ढगाळ हवा आली की डाउनी रोगाच्या भीतीने रात्री-अपरात्री फवारणी. तालमीत आमचा शिवाजी एकाएकी आभाळाकडे बघायचा आणि म्हणायचा, “मी निघतो, ढग यायलेत.” त्याला अडवणार कोण? पट्टी देणारा हात पूर्वीपेक्षा सढळ झाला, पण तालमीला येणारा पाय बांधला गेला.

विदर्भाच्या टोकाला, झाडीपट्टीत, याच्या उलट घडले. देसाईगंज-वडसा इथे नाट्यमंडळांची पेठच आहे. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने ही मंडळे गावोगाव रात्रभर नाटके करतात आणि तिकीट लावून पैसाही मिळवतात. तिथले परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या कट्ट्यावर चर्चा झाली, की आपल्याकडे असे का नाही. माझे मत असे, की तिथे नाटक गावात येते, आमच्याकडे ते गावातून निघते. झाडीपट्टीत प्रेक्षक भात कापून मोकळा असतो आणि नट पोटापाण्यासाठी नट असतो. आमच्याकडे जो नट तोच बागायतदार, तोच शिक्षक, तोच सोसायटीचा सेक्रेटरी. त्याला सवड नसली की नाटक नसते.

सवड मात्र पुरती गेलेली नाही. यात्रेतली पाच अंकी नाटके एकांकिकेवर आली, साखळदंड गेले आणि लेव्हल्स आल्या. येसूबाईसाठी आता सांगलीहून कोणाला बोलवावे लागत नाही. तालुक्यातल्याच शिक्षिका आणि कॉलेजच्या मुली उभ्या राहतात, तालमीला वेळेवर येतात आणि मुलांना पाठांतरावरून बोलतात. नाट्य संमेलनांची गोष्ट मोठ्यांची. शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन 2020 च्या मार्चअखेरीस सांगलीतून सुरू व्हायचे होते, ते करोनाने अडवले आणि शेवटी जानेवारी 2024 मध्ये पिंपरी-चिंचवडला जब्बार पटेलांच्या अध्यक्षतेखाली झाले. करोनाच्या दोन वर्षांत आमच्या यात्राही झाल्या नाहीत. पण बंदी उठल्यावर पहिल्या यात्रेत कुस्त्या ठरायच्या आधी पोरांनी विचारले होते, ट्रॉल्या कोणाच्या मिळतील.

या स्मरणिकेच्या निमित्ताने मी जुनी वही पुन्हा चाळली. शेवटच्या भरलेल्या पानावर ड्रेपरीवाल्याचे दोनशे रुपये बाकी दिसतात, आणि त्याखाली माझ्याच अक्षरात, कंसात, ‘बाईंचे राहिलेले’ असे लिहून पुढची जागा कोरी. ड्रेपरीवाल्याचा मुलगा मिरजेला भेटतो, त्याचे देऊन टाकू. बाईंचा पत्ता त्या काळी विचारायची रीत नव्हती. यंदाच्या तालमी सोमवारपासून, शाळेच्या व्हरांड्यात, रात्री साडेनऊला. ज्यांची फवारणी असेल त्यांनी उरकून दहाला यावे.